दशांश काढल्यावर उरलेल्या नव्वद टक्क्यांचं काय? ख्रिस्ती घरातली म्हातारपणाची तरतूद

अनुग्रह_पुणे

सर्वांना सलाम.

पगार झाला की आधी दशांश, म्हणजे मंडळीला (चर्चला) द्यायचा दहावा हिस्सा, पाकिटात, मग किराणा, हे वळण माझ्या माहेरीही होतं आणि सासरीही आहे. त्यावरून आमच्या घरात कधी दुमत झालं नाही. वाद आहे तो उरलेल्या पैशांचा.

यजमान विनाअनुदानित शाळेत शिकवतात, वय ४६. मी एका दवाखान्यात हिशेब बघते. घरखर्च चाळीस हजारांच्या आसपास, घराचं कर्ज अजून चालू, मुलगी अकरावीत. सासूबाई आमच्याजवळच असतात आणि त्यांचा आम्हाला मोठा आधार आहे. म्हातारपणासाठी दरमहा काही बाजूला टाकू या असं मी म्हटलं की हे बायबलातलं लूक १२ उघडतात. कोठारं मोडून मोठी बांधणारा तो धनवान, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागून घेतला गेला. मग मत्तय ६ येतं. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत.

त्यांचा विश्वास खरा आहे, मी तो जवळून पाहिलाय. म्हणूनच उत्तर देता येत नाही. साठीनंतरची तरतूद करणं म्हणजे प्रभूवरचा भरवसा कमी पडणं का? तुमच्या घरात हे कसं बसवलंत? वचनं द्याच, पण आकडेही द्या.

केडगाव_लोकल

मत्तय ६ च्या आधी उत्पत्ती ४१ वाचा म्हणावं. सुकाळ आणि मग दुष्काळ येणार हे देवानंच मिसरच्या फारोला स्वप्नातून दाखवलं, आणि सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवायचा सल्ला योसेफानं दिला. पाचवा हिस्सा म्हणजे वीस टक्के. तिथून सुरुवात करा.

वडाळा_मिशन

ताई, माझे वडील पाळक, म्हणजे पास्टर होते. उभं आयुष्य मंडळीच्या बंगल्यात गेलं. बदली झाली की ट्रंका उचलायच्या आणि दुसऱ्या गावच्या बंगल्यात टाकायच्या. स्वतःचं घर करावं असा विचार आईनं बोलून दाखवला की वडील म्हणायचे, मंडळी आहे ना.

निवृत्तीचं पत्र आलं तेव्हा बंगला नव्या पाळकांसाठी लगेच रिकामा करून हवा होता. ते रीतसरच होतं, नवा माणूस राहणार कुठे? पण पासष्टीच्या जवळ आलेली दोन माणसं भाड्याची खोली शोधत फिरली. घरमालक विचारायचा, उत्पन्न काय? वडिलांकडे त्याचं उत्तर नव्हतं. फंडाची जी रक्कम मिळाली ती आईच्या ऑपरेशनात गेली.

त्यांचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नाही. प्रभूनं त्यांना टाकलं नाही हेही खरं. पण प्रभूनं त्यांची सोय केली ती आम्हा भावंडांच्या हातून, आणि आम्ही तेव्हा स्वतःच हप्त्यांत होतो. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा. आपण तरतूद केली नाही म्हणून खर्च टळत नाही, तो मुलीच्या अंगावर जातो.

दोन_टोल्या

मी इथे जरा वेगळं बोलणार आहे.

योसेफाचं उदाहरण प्रत्येक गुंतवणूक शिबिरात येतं, पण उत्पत्ती ४७ पर्यंत कोणी वाचत नाही. दुष्काळ पडल्यावर तेच धान्य लोकांना विकलं गेलं. आधी त्यांचा पैसा संपला, मग गुरं गेली, मग जमिनी गेल्या, शेवटी माणसं फारोची दास झाली. साठवणाऱ्याच्या हाती सत्ता जाते, हे त्याच पुस्तकात लिहिलंय. शिवाय योसेफानं साठवलं ते सगळ्या देशासाठी, स्वतःच्या सेवानिवृत्तीसाठी नव्हे.

अनुग्रहताईंच्या यजमानांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. आपल्या समाजातली नोकरदार कुटुंबं आता दोन-दोन फ्लॅट करतात, आणि त्याच मंडळीतल्या विधवेच्या घरी गॅस संपलेला असतो. मला बचतीचा राग नाही. पण 'पुरेसं' किती, हा आकडा कोणी ठरवतं का? ज्या बचतीला वरची मर्यादाच नाही ती कोठारवाल्याचीच बचत. त्याची चूक धान्य ठेवण्यात नव्हती. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव, एवढंच तो बोलत होता, दुसरा माणूस त्याच्या हिशेबात नव्हताच.

तिजोरी

दोन_टोल्या यांनी 'पुरेसं किती' विचारलं ते बरं केलं, कारण नियोजनाची सुरुवात तिथूनच होते. बँकेत बरीच वर्षं काढल्यामुळे मी आकड्यांचं बोलतो.

ताई, आज घरखर्च ४०,००० आहे. महागाई सहा टक्के धरली तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे यजमान ५८ चे होतील तेव्हा ८०,००० आणि सत्तरीला १,६०,०००. हप्ता आणि मुलीचं शिक्षण तोवर संपेल, म्हणून यातून बरंच वजा होईल. पण औषधं वाढतील.

खाजगी शाळेत पीएफ कापत असतील तर पेन्शन मिळेल, पण त्यावर विसंबू नका. ईपीएस ९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, पेन्शनयोग्य पगाराची मर्यादा १५,००० आहे. पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७० असं सूत्र आहे, त्यामुळे तीस वर्षं भरली तरी महिना साडेसहा-सात हजारांच्या आसपासच हातात येतात.

म्हणून माझा क्रम असा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला, लगेच काढता येईल असा. मग मुदत विमा (टर्म इन्शुरन्स), जोवर कर्ज आणि मुलगी अवलंबून आहे तोवर. आरोग्य विमा वेगळा; सासूबाई सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सर्वांना उत्पन्न न बघता पाच लाखांचं संरक्षण आहे. त्यानंतर पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधी खातं) आणि थोडी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम). निवृत्तीला जी रक्कम हाती येईल त्यातली ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. मर्यादा ३० लाख, सध्या व्याज ८.२ टक्के, म्हणजे पूर्ण रक्कम टाकली तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. एवढं जमलं तर घर चालतं.

आणि सगळे पैसे एकाच बँकेत ठेवू नका. उपदेशक ११:२ मध्ये सात जणांना, आठ जणांना वाटून दे असं आहे. ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका माणसामागे ५ लाख आहे, २०२० पासून.

जालनेकर

दशांश ग्रॉसवर (कपातीआधीच्या पगारावर) की नेटवर (हातात येणाऱ्या पगारावर)? हा प्रश्न आला नाही तर धागा पूर्ण होणार नाही 🙂

सिस्टर_मिरज

आमच्याकडे कापणीच्या सणाला लिलाव होतो. गेल्या वेळी एक कोंबडी तीन जणांनी विकत घेतली आणि तिघांनी परत अर्पण केली. तेवढा परतावा कुठल्या फंडात मिळेल?

आता मुद्द्याचं. मी मिरजेत नर्सिंग केलं आणि पुढची सगळी नोकरी आखातात. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली अशाच गेल्या. पगार चांगला, पण पेन्शन नाही. निघताना काय ती ग्रॅच्युइटी. आणि बाहेर असलेल्या मुलीकडे घरचे सगळे बघतात. भावाचं लग्न, बहिणीची फी, चुलत्याचं छप्पर, मंडळीची नवी घंटा. नाही म्हणणं म्हणजे पाप वाटायचं.

वॉर्डमधल्या एका वयस्क सिस्टरनं मला मार्क ७ दाखवलं. 'कुर्बान' म्हणून देवाला दिलं की आईबापांना द्यायची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांना प्रभूनं कसं सुनावलं ते तिथे आहे. म्हणजे अर्पण हे घरची जबाबदारी टाळायचं निमित्त होऊ शकत नाही. १ तीमथ्य ५:८ तर आणखी कडक आहे: जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. आणि त्याच अध्यायात सोळावं वचन वाचा: घरच्यांनी आपल्या विधवांना सांभाळावं, म्हणजे मंडळीवर भार न पडता खरोखर निराधार असलेल्यांना मदत करता येईल. दोन_टोल्यादादा, तुमच्या गॅस संपलेल्या विधवेसाठीच मी माझी तरतूद करते. मी मंडळीच्या मदतीच्या रांगेत उभी राहिले तर तिचा नंबर मागे जाईल.

नीतिसूत्रे २२:२६ हे नर्स मुलींनी फ्रिजवर लावून ठेवावं. कोणाला जामीन राहू नका. द्यायचं तर भेट म्हणून द्या आणि विसरा, सही करू नका.

दोन_टोल्या

सिस्टर, पटलं. १६ व्या वचनाकडे मी असं पाहिलं नव्हतं. तरी वरची मर्यादा हवीच, यावर मी ठाम आहे.

बावखल

वसईहून. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे दशांशाचा काटेकोर हिशेब नसतो. मिस्सेतलं (चर्चमधल्या उपासनेतलं) दान, सणाची वर्गणी, गरजूला मदत, असं चालतं. त्यामुळे हा धागा मी कुतूहलानं वाचतोय.

पण पैशाबद्दल आमच्या भागानं जे पाहिलं ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे. एकेकाळी केळी, पानवेल, फुलं, भाजी यांवर घर चालायचं. म्हाताऱ्या माणसाला निवृत्तीच नव्हती. जमेल तितकं वाडीत काम करायचं, आणि वाडीच त्याला पोसायची. मग बिल्डर आले, जमिनी विकल्या गेल्या. ज्या घरात लाख पाहिला नव्हता तिथे कोटी आले. बंगला, गाड्या, मुलांची चार-चार दिवसांची लग्नं, आणि दहा-पंधरा वर्षांत वाडीही नाही, पैसाही नाही अशी घरं मी ओळखतो. वाडी दरवर्षी द्यायची आणि राहायची. तिचा पैसा झाल्यावर त्याच्याशी तसंच वागायला हवं होतं, म्हणजे पीक खायचं, झाड राखायचं. हे कोणी सांगितलंच नाही, प्रवचनातही नाही.

उलटही उदाहरण आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनं सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी आपली पतसंस्था उभी केली, बॅसिन कॅथॉलिक बँक १९१८ ची. कर्ज घेणारा देणाऱ्याचा दास होतो हे नीतिसूत्रांतलं वचन त्यांनी नुसतं वाचलं नाही, त्यावर उपाय शोधला. एकेकट्यानं शिलकीत टाकण्यापेक्षा गावानं मिळून टाकणं हेही ख्रिस्तीच आहे.

पणजीवाली

बावखल यांच्या लग्नाच्या मुद्द्याला गोव्यातून अनुमोदन. आमच्याकडे निदान एक बंधन आहे. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो, बापाला मृत्युपत्रानं फक्त अर्ध्या मालमत्तेचीच मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते. आणि वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता नवराबायकोची मिळून, अर्धी-अर्धी. माझी आई वडिलांच्या मागे ताठ मानेनं जगली ती यामुळे. महाराष्ट्रात ख्रिस्ती बाईचं काय असतं?

साक्षीदार

पणजीवाली, मी वकिली करतो म्हणून उत्तर देतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी समान. आणि अनुग्रहताई, हे नीट वाचा: मुलं असतील तर मयताच्या आईला काहीही मिळत नाही. तुमच्या यजमानांनी मृत्युपत्र केलं नाही तर सासूबाईंचा कायद्यानं शून्य हक्क. त्यांची काळजी असेल तर ती कागदावर उतरवा.

आपल्यात वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क असतो असा समज फार पसरलाय. तो हिंदू कायद्यातला विषय आहे. ख्रिस्ती बाप हयात असताना मुलाला मागणीचा हक्क नाही. तसंच हिंदू अविभक्त कुटुंब म्हणून करात मिळणारा वेगळा हिशेबही आपल्याला नाही.

आणखी एक. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झालं की आपोआप रद्द होतं. दुसरं लग्न करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जालनेकर

विमा काढणं म्हणजे अविश्वास, असं आमच्या प्रार्थनेच्या गटात एक जण दर शुक्रवारी सांगतो. त्याला काय सांगू?

पाळक_विदर्भ

त्याला स्कॉटलंडच्या पाळकांची गोष्ट सांगा. एडिंबरातल्या वेबस्टर आणि वॉलेस या दोन पाळकांना दिसत होतं की पाळक वारला की त्याची बायकोमुलं उघड्यावर येतात. त्यांनी मंडळ्यांमधून माहिती गोळा केली, दरवर्षी किती पाळक वारतात, किती विधवा मागे राहतात, किती मुलं. कॉलिन मॅक्लॉरिन या गणितज्ञाकडून आकडे तपासून घेतले आणि १७४४ मध्ये विधवांचा निधी सुरू झाला. मृत्युदराच्या गणितावर उभ्या राहिलेल्या पहिल्या विमा निधींत त्याची गणना होते. विम्याचं शास्त्र घडवणाऱ्यांत पाळक होते, आणि ते प्रार्थना करणारे पाळक होते.

वडाळा_मिशन यांचं वाचून मन जड झालं. मीही आज मंडळीच्याच घरात राहतो. अनुवाद १४ मध्ये दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातले), परका, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. लेव्याला जमिनीचा वाटा नव्हता, म्हणून दशांशात त्याचा वाटा होता. मग मंडळीच्या पंचांनी पाळकाच्या म्हातारपणाची सोय दशांशातून करणं ही मेहेरबानी नाही, तो दशांशाचा मूळ उपयोगच आहे. आमच्या पंचांसमोर मी हे मांडलं आणि आता पाळकाच्या नावे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) दरमहा रक्कम जाते. ज्यांच्या मंडळीत ही सोय नाही त्यांनी येत्या वार्षिक सभेत विषय घ्यावा, पाळकाला स्वतःला तोंड उघडायला लावू नये.

ग्रॉस-नेटबद्दल: २ करिंथ ९:७. मनात ठरवाल तसं, संतोषानं. माझ्या मंडळीत मी कोणाची पगाराची चिठ्ठी मागत नाही.

वडाळा_मिशन

पाळकसाहेब, धन्यवाद. आमच्या मंडळीच्या सभेत मी हे नक्की मांडणार.

निवृत्त_मास्तर

निवृत्ती म्हणजे झोपाळा नव्हे, हेही कोणीतरी सांगा. गणना ८ मध्ये लेव्यांना पन्नासाव्या वर्षी सेवेतून मोकळं करायला सांगितलंय. पण पुढचं वचन सांगतं की त्यांनी आपल्या भाऊबंदांना मदत करत राहावं. जड ओझं उचलायचं थांबायचं, माणसांतून उठायचं नाही. मी शाळा सोडल्यापासून शब्बाथ शाळा घेतो आणि वस्तीतल्या मुलांना गणित शिकवतो. पैसे घेत नाही, कारण पेन्शन आहे. पेन्शन नसती तर शिकवण्या घ्याव्या लागल्या असत्या आणि ही मुलं सुटली असती. म्हातारपणी फुकट सेवा करता यावी म्हणून तरुणपणी साठवायचं, असं मी माझ्या मुलांना सांगतो.

केडगाव_लोकल

मास्तर, हे सर्वांत आवडलं.

एक सावधगिरी. मंडळीतलाच माणूस, प्रार्थना करून, दामदुप्पट योजना घेऊन घरी येतो तेव्हा नाही म्हणायला जड जातं. आमच्या वस्तीत अशा एका योजनेत कितीतरी निवृत्त शिक्षिकांचे फंडाचे पैसे बुडाले. प्रार्थना एकत्र करा, कागद वेगळ्या माणसाकडून तपासून घ्या.

अनुग्रह_पुणे

दोन दिवस आम्ही दोघांनी रात्री बसून हा धागा वाचला. यांनी वडाळा_मिशन आणि दोन_टोल्या, दोघांचंही दोनदा वाचलं. सिस्टरांनी सांगितलेलं सोळावं वचन आल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, कागद आण.

ठरलं ते असं. दशांश आहे तसाच. आपत्कालीन रक्कम आधी, मग मुदत विमा, मग दोघांच्या नावे पीपीएफ. आणि दोन_टोल्यादादा, यांच्या आग्रहानं वरचा आकडाही लिहिलाय. तेवढी रक्कम जमली की पुढची वाढ देण्याकडे वळवायची. दुसरा फ्लॅट घ्यायचा नाही. मला आधी हे जास्त वाटलं, पण आकडा समोर लिहिल्यावर उलट सुटल्यासारखं झालं.

वकीलसाहेब, सासूबाईंचा एक प्रश्न आहे. गावाकडे त्यांच्या नावे छोटं घर आहे आणि ते गावच्या मंडळीला द्यायची त्यांची इच्छा आहे. धर्मकार्याला मृत्युपत्रानं दिलेलं टिकत नाही, असं कोणीतरी त्यांना सांगितलंय. खरं का?

साक्षीदार

जुनं खरं होतं. जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसानं धर्मकार्याला दिलेली देणगी टिकायची तर मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेलं असावं लागे, शिवाय ते ठरलेल्या मुदतीत जमाही करावं लागे. केरळमधल्या एका धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जॉन वल्लमत्तम खटल्यात उत्तराधिकार कायद्यातलं हे कलम ११८ घटनाबाह्य ठरवलं. सासूबाईंची वाट मोकळी आहे.

दोन साक्षीदार घ्या. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यानं किंवा त्याच्या जोडीदारानं साक्षीदार म्हणून सही करू नये, त्याला दिलेलं रद्द होतं. म्हणजे यजमानांना काही मिळणार असेल तर त्यांचीही सही नको आणि तुमचीही नको. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. आणि मंडळीचं नाव तिच्या ट्रस्टच्या नोंदणीत जसं आहे तसंच लिहा, गावात म्हणतात तसं नको.

अनुग्रह_पुणे

ट्रस्टचं नाव पाळकसाहेबांकडून उद्याच मागवते. मृत्युपत्र तिघांचंही एकदमच करून घेतो.